दगडाच्या दुकानाचे नाव आणि टॅगलाइन कशी ठरवावी

बांधकामाचा दगड विकणाऱ्या दुकानाचे नाव बहुतेकदा चुकीच्या क्षणी ठरते. जागा घेऊन झालेली असते, माल उतरलेला असतो, पाटी रंगवणारा फोनवर मजकूर मागत असतो आणि मालक त्या घाईत सुचेल ते सांगून टाकतो. पुढे तीच अक्षरे बिलावर, ट्रकच्या फाळक्यावर, नमुन्याच्या पाठीवर आणि ग्राहकाच्या फोनमध्ये जाऊन बसतात. नंतर बदलायचे ठरवले तर पाटीचा खर्च त्यातला सगळ्यात लहान असतो. ठेकेदारांच्या तोंडी बसलेले नाव उठवणे खरे अवघड. म्हणून पाटीवाल्याकडे जाण्याआधी या कामासाठी दोन-तीन आठवडे वेगळे काढा.

या सगळ्यात एक गोष्ट धरून चाला: नाव ऐसपैस ठेवा आणि टॅगलाइन, म्हणजे नावाखालची छोटी ओळ, नेमकी. दगडाचा माल कधी स्थिर नसतो. खाणीतला थर संपतो, पुढच्या थराचा रंग वेगळा निघतो, कालपर्यंत चालणारी फरशी मागे पडते आणि कृत्रिम क्वार्ट्झला मागणी येते. नाव या सगळ्या बदलांत टिकले पाहिजे. टॅगलाइन मात्र आज तुम्ही काय नीट करता ते सांगते, आणि ते काम बदलले की ती बदलता येते. नवे दुकानदार नेमके उलटे करतात. नावात एका दगडाची जात घालतात आणि टॅगलाइनमध्ये ‘विश्वास, दर्जा, परंपरा’ असे कोणालाही लागू पडणारे शब्द.

पायरी १: आधी धंदा एका वाक्यात लिहा

कोणाला, कोणता दगड, कोणत्या रूपात, आणि त्यासोबत कोणते काम, हे चारही एका वाक्यात आले पाहिजे. उदाहरणार्थ: ‘घर बांधणाऱ्यांना आणि लहान ठेकेदारांना ग्रॅनाइट व चुनखडीची फरशी, मापाने कापून, कडा घासून.’ किंवा: ‘आर्किटेक्टना बाहेरच्या भिंतींसाठी क्लॅडिंगचा दगड, नमुना व चाचणी अहवालासह.’ ही दोन दुकाने एकाच रस्त्यावर असली तरी त्यांना एकच नाव शोभणार नाही.

ग्राहक तीन तऱ्हांचे असतात आणि तिघे नाव वेगवेगळ्या प्रकारे वापरतात. घरमालक ते शेजाऱ्याला तोंडी सांगतो. ठेकेदार मशीनच्या आवाजात फोनवर ओरडून सांगतो. आर्किटेक्ट ते ड्रॉइंगवर किंवा मालाच्या यादीत लिहितो. तुमच्याकडे यांतले कोण जास्त येणार हे ठरले की पुढची निम्मी निवड सोपी होते.

पायरी २: दगडाची जात नावात घ्यायची का

शक्यतो नको. एक कारण वर आलेच, माल बदलतो. दुसरे कारण असे की व्यापारातली जात आणि भूशास्त्रातली जात एक नसते. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच दगड प्रत्यक्षात गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचे वेगळे खडक असतात. पॉलिश घेणारी चुनखडी सर्रास मार्बल म्हणून विकली जाते. क्वार्ट्झाइट हा नैसर्गिक दगड, तर ‘क्वार्ट्झ’ म्हणून मिळणारे स्लॅब (मोठे सपाट तक्ते) म्हणजे क्वार्ट्झचे कण रेझिनने, म्हणजे कृत्रिम राळेने, बांधून कारखान्यात केलेला माल. या दोन्हींत ग्राहकाचा रोज गोंधळ होतो. त्यातला एक शब्द पाटीवर कायमचा लावला की दुसऱ्या मालाबद्दल दर वेळी खुलासा करत बसावे लागते. ‘नैसर्गिक’ हा शब्द नावात घेऊन रॅकवर कृत्रिम क्वार्ट्झ ठेवणे तर उघड दिशाभूल आहे.

गावांच्या नावांचाही विचार इथेच करा. करारा, मकराणा, कोटा, पोर्टलंड ही गावांची आणि प्रदेशांची नावे दगडाची नावे होऊन बसली, कारण त्या मातीतला दगड तसा होता. असे नाव किती मोलाचे असते ते पाहायचे तर सिमेंटकडे पाहा. इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली आपल्या सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा ते तिथल्याच पोर्टलंड बेटाच्या प्रतिष्ठित दगडासारखे दिसते म्हणून त्याला ‘पोर्टलंड सिमेंट’ म्हटले. दगडाच्या नावाची पत त्याने उसनी घेतली आणि ते नाव जगभर चिकटले. आज मात्र असे करणे धोक्याचे आहे. ज्या गावचा दगड तुम्ही ठेवत नाही त्याचे नाव दुकानाला दिले तर ग्राहकाची फसवणूक ठरू शकते. अनेक प्रदेशांच्या दगडाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षणही असते. आणि तो दगड ठेवत असलात, तरी त्या गावाच्या नावावर एकट्याचा हक्क तुम्हाला मिळणार नाही. तोच दगड विकणारा दुसराही ते नाव लावू शकतो.

पायरी ३: शब्द जमवा, नावे नंतर

सुरुवातीला नावे सुचवत बसू नका. आधी किमान पन्नास-साठ शब्द कागदावर उतरवा, चांगले-वाईट न ठरवता. पाच पेट्या केल्या तर लवकर होते. पहिली, दगड जिथून येतो ती: खाण, थर, कातळ, कडा. दुसरी, हत्यारे आणि हातकाम: घण, छिन्नी, घडीव, घोटीव. तिसरी, दगड जिथे बसतो ती: जोते, चौथरा, उंबरा, पायरी, कमान, ओटा. चौथी, स्पर्श आणि रूप: गारवा, झळाळी, खरखरीत, रेघ. पाचवी, मापे आणि कारागिरी: ओळंबा, गुण्या, सांधा, काटकोन.

तिसरी पेटी सगळ्यात फळते. ग्राहकाच्या डोळ्यासमोर कच्चा दगड नसतो. घराचा उंबरा असतो, जिना असतो, ओटा असतो. ‘चौथरा’, ‘जोते’, ‘सात पायऱ्या’ असे शब्द दगडाचे नाव न घेता दगड दाखवतात. कायद्यानेही अशा सूचक नावाचे रक्षण करणे ‘मार्बल अँड ग्रॅनाइट’ अशा वर्णनात्मक नावापेक्षा सोपे जाते. (ही नावे फक्त पद्धत दाखवण्यासाठी, कोणीतरी आधीच लावलेली असू शकतात.)

या शब्दांतून तीस-चाळीस नावे करा: एक शब्दी, दोन शब्दी, आणि वाटल्यास आडनावासह. आडनावाचे एक बरे असते. ते दगडाच्या कोणत्याही जातीला बांधलेले नसते आणि जबाबदार माणूस कोण ते कळते. अडचण भागीदार वेगळे झाल्यावर किंवा दुकान विकताना येते. ते लावायचे असेल तर भागीदारीच्या करारातच लिहून ठेवा की वेगळे झाल्यास नाव कोणाकडे राहील. आद्याक्षरांची नावे, म्हणजे दोन-तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे ‘स्टोन्स’, यादीतून सरळ काढा. ती आठवत नाहीत आणि एकमेकांत मिसळतात.

पायरी ४: मराठी कानाने ऐका

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच सगळ्यात जास्त नावे फसतात. दगडाच्या धंद्यातले कितीतरी शब्द दुहेरी अर्थाचे आहेत.

‘शिळा’ म्हणजे पाषाण, पण ऐकणाऱ्याला कालचे उरलेले अन्न आधी आठवते. ‘शिला’ लिहिले तर हा प्रश्न मिटतो, पण मग मुलीचे नाव वाटण्याची शक्यता उरते. ‘चिरा’ म्हणजे घडवलेला दगड, आणि ‘चीर’चे अनेकवचनही ‘चिरा’च, ‘भिंतीला चिरा पडल्या’ हे वाक्य तुमच्या ग्राहकाला सगळ्यात नकोसे. ‘चिरेबंदी’ मात्र निर्धोक आहे, कारण त्या रूपाला दुसरा अर्थ नाही. ‘टाकी’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी, शब्द सुंदर आहे, पण आज शंभरातल्या नव्वद जणांना पाण्याची टाकी दिसेल. नुसता ‘स्लॅब’ म्हटले की लोकांना छताचे काँक्रीट आठवते आणि सेंट्रिंगची चौकशी करणारे फोन येतात. ‘स्टोन’चे तर विचारूच नका. ‘स्टोन झालाय’ म्हणजे मुतखडा, त्यामुळे ‘स्टोन केअर’ किंवा ‘स्टोन सोल्यूशन’ नावाची पाटी दवाखान्याची वाटते. ‘शिल्प’ घेतलेत तर मूर्ती घडवून मागणारे येतील. ‘चिरस्मृती’, ‘विश्रांती’ अशा शब्दांनी स्मारकाचा किंवा थडग्याचा दगड सुचतो; तो माल ठेवत असाल तरच घ्या.

आणि खुद्द ‘दगड’? मराठीत तो मठ्ठपणाचाही शब्द आहे, म्हणून एकटा वापरायला लोक कचरतात. माझ्या मते ही भीती अवास्तव आहे. ‘दगडी’, ‘दगडकाम’ अशा रूपांत तो शब्द साधा, खरा आणि पटकन कळणारा आहे. दगडाचे दुकान दगडाला लाजू लागले तर विकणार काय? मात्र ‘पाषाण’ घेताना सोबतचा शब्द मऊ ठेवा, नाहीतर पाषाणहृदयी आठवतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे. धंद्याशी संबंध नसलेल्या दहा जणांना नुसते नाव ऐकवा आणि ‘हे कशाचे दुकान असेल?’ एवढेच विचारा. दगडच सांगितला पाहिजे असे नाही. घर, बांधकाम, फरशी यांपैकी काहीही आले तर चालेल. दोघांनी एकच भलताच अर्थ सांगितला तर ते नाव यादीतून काढा, कितीही आवडले असले तरी.

पायरी ५: फोन, पाटी आणि कोरीव अक्षरे

उरलेली आठ-दहा नावे आता प्रत्यक्ष वापरून पाहा. कटिंग मशीन चालू असताना पाच जणांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. चौघांचे बरोबर आले तर नाव पास. ‘थर’चे ‘घर’ होते, ‘घण’चे ‘धन’ होते. कागदावर हे कळत नाही.

रोमन लिपीत ते नाव कसे लिहिले जाईल तेही पाहा, कारण शोध बहुतेक त्याच लिपीतून होतो. ‘ळ’ला रोमनमध्ये स्वतःचे अक्षर नाही, ‘काळा’ आणि ‘कला’ एकसारखे दिसतात. ‘पाषाण’मध्ये दोन्ही ‘आ’ एकेरी लिहायचे की दुहेरी, यावरून चार स्पेलिंगे होतात. ज्या नावाचे दोनपेक्षा जास्त स्वाभाविक स्पेलिंग होते ते मागे टाका, किंवा मुख्य स्पेलिंगसोबत दुसऱ्याचाही वेबपत्ता घेऊन ठेवा.

पाटीचा हिशोब नाव ठरण्याआधी करायचा असतो, कारण लांब नावाची अक्षरे लहान होतात. पाटी करणाऱ्यांचा ढोबळ नियम असा: आरामात वाचता यावे म्हणून दर १० फुटांच्या अंतराला १ इंच उंचीचे अक्षर. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. पाटी ५० मीटरवरून दिसायला लागली तर चालकाला तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्या अंतरासाठी अक्षर १६ इंचांच्या आसपास हवे. तीन सेकंदांत दोन शब्द वाचून होतात, पाच नाही. हा नियम रोमन मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीसाठी उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा. वेलांटी, मात्रा आणि उकार यांना वर-खाली वेगळी जागा ठेवा. ‘प्रस्तर’, ‘दृढ’, ‘स्थैर्य’ अशी जोडाक्षरे दुरून काळा ठिपका होतात.

स्वतःच्याच दगडात पाटी कोरायची इच्छा प्रत्येकाला होते आणि ती रास्त आहे. फक्त जाड दाण्याच्या ग्रॅनाइटमध्ये बारीक रेघांच्या कडा उडतात. बारीक दाण्याचा, एकसारखा दगड घ्या आणि अक्षर जाड ठेवा. चकचकीत पॉलिशवर ऊन पडले की पाटी आरसा होते. अक्षरांमागचा भाग मॅट ठेवला तर दुपारीही वाचता येते.

पायरी ६: नाव मोकळे आहे का

आता तीन नावे उरली असतील. तिन्ही तपासा, एकच नको, कारण पहिले बहुधा अडकलेले निघते.

कंपनी किंवा दुकान म्हणून नोंदणी झाली म्हणजे नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळाला, हा समज चुकीचा आहे. त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ट्रेडमार्कसाठी जगातले बहुतेक देश नीस वर्गीकरण वापरतात, ज्यात मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे ४५ वर्ग आहेत. बांधकामाचा दगड वर्ग १९ मध्ये येतो. किरकोळ विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये, दगड बसवून देण्याचे काम वर्ग ३७ मध्ये, आणि ग्राहकाच्या मापाने कापणे-घासणे वर्ग ४० मध्ये. शोध घेताना नुसता १९ पाहून थांबू नका. आणि हुबेहूब नावच शोधू नका. कानाला सारखे वाटणारे, अर्थाने सारखे आणि दुसऱ्या लिपीत लिहिलेलेही शोधा. नोंदणी नाकारली जाते ती बहुधा या सारखेपणावर. वर्ग १४ मध्ये रत्ने येतात, तिथे सारखे नाव दिसले तर लगेच घाबरण्याचे कारण नाही, पण ते नाव फार प्रसिद्ध असेल तर टाळलेलेच बरे. शंका असेल तर अर्जाआधी ट्रेडमार्कच्या वकिलाला दाखवा.

वेबपत्ता आणि समाजमाध्यमांवरचे नाव त्याच दिवशी घ्या, पाटी छापल्यावर नाही. वेबपत्त्याच्या एका भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर सांगता यावा म्हणून १५ अक्षरांच्या आत ठेवा आणि मधली आडवी रेघ टाळा. देवनागरीतला वेबपत्ताही मिळतो. तो जरूर घ्या, मात्र ईमेलसाठी रोमनच ठेवा, कारण देवनागरी पत्ते सगळीकडे नीट चालत नाहीत.

पायरी ७: टॅगलाइन

नाव पक्के झाल्यावरच टॅगलाइन लिहायला बसा. आधी दहा गोष्टी लिहा ज्या तुम्ही खरोखर करता आणि ग्राहकाने विचारले तर तिथल्या तिथे दाखवू शकता. ‘स्लॅब उजेडात उभे ठेवतो.’ ‘एक पायरीही कापून देतो.’ ‘साइटवर येऊन माप घेतो.’ ‘एका कामाचा सगळा माल एकाच ठोकळ्यातला देतो.’ यांतली ज्या गोष्टीवाचून ग्राहकाचे खरे नुकसान होते ती उचला आणि तीन ते सहा शब्दांत बसवा.

‘निवडलेला दगडच पोहोचेल.’ हिच्यामागे खरी भीती आहे: एक स्लॅब दाखवायचा आणि दुसरा पाठवायचा. ही ओळ लावायची असेल तर प्रत्येक स्लॅबवर नंबर, निवडीच्या वेळी फोटो आणि कडेवर ग्राहकाची सही, एवढी व्यवस्था आधी हवी. ‘एक पायरी लागली तरी.’ लहान कामांना मोठ्या वखारीत कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी. ‘माप आमचे, जबाबदारीही आमची.’ इथे कापण्यात चूक झाली तर दगड तुम्ही भरून द्यायचा आहे. तेवढी तयारी नसेल तर ही ओळ घेऊ नका.

काय लिहू नये, हे दगडाच्या गुणधर्मांवरून ठरते. ‘डाग पडणार नाही’ हे मार्बल विकणाऱ्याने कधीच म्हणू नये. मार्बलमधले कॅल्साइट मोज मापावर (कठीणपणाच्या १ ते १० या पट्टीवर) ३ इतकेच कठीण असते आणि आम्लाशी त्याची क्रिया होते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सांडला की पॉलिश मरते. सीलरने, म्हणजे दगडाला लावायच्या संरक्षक द्रवाने, डाग आत मुरणे कमी होते, पण आम्लाने उडालेली चमक वाचत नाही. ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७ असल्याने तो ओरखड्यांना चांगले तोंड देतो, तरी ‘ओरखडा अशक्य’ हे खोटेच. कृत्रिम क्वार्ट्झला ‘उष्णतेची चिंता नको’ म्हटले तर तापलेल्या भांड्याखाली त्यातले रेझिन खराब होते आणि तक्रार तुमच्या दारात येते. उघड्यावरच्या उन्हात ते पिवळेही पडू शकते. ‘नमुन्यासारखाच माल’ ही ओळ नैसर्गिक दगडाला लावू नका. दोन ठोकळ्यांत रंग आणि शिरा बदलणे हा त्याचा स्वभाव आहे.

‘घरपोच’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो, तसा नाही. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला साधारण ५४ किलो भरते. ३ मीटर बाय १.८ मीटरचा पूर्ण स्लॅब २९० किलोच्या पुढे जातो. घरपोच म्हणजे फाटकापर्यंत, तळमजल्यावर की तिसऱ्या मजल्यावर? ग्राहक तिसरा मजला समजतो. शब्द वापरायचाच असेल तर कोटेशनवर त्याचा अर्थ लिहा.

‘काळ्या दगडावरची रेघ’ ही म्हण या धंद्यात पुन्हा पुन्हा सुचते. बोलण्यात ती ठामपणाची आहे खरी, पण पॉलिश केलेल्या काळ्या दगडावर रेघ म्हणजे नाकारलेला माल. ‘खाणीपासून घरापर्यंत’ ही ओळ खाण स्वतःची असेल तरच लावा.

टॅगलाइन झाली की ती नावाशिवाय वाचा. शेजारच्या टाइल्सच्या किंवा सिमेंटच्या दुकानावर ती तशीच चालत असेल, तर ती अजून नेमकी झालेली नाही. दहा गोष्टींच्या यादीकडे परत जा.

पायरी ८: लावण्याआधी आणि लावल्यावर

एकाच दिवशी सगळीकडे लावा: पाटी, बिल, कोटेशन, ट्रक, फोनवरचे प्रोफाइल. नावाचे एकच स्पेलिंग कागदावर लिहून छापणाऱ्या प्रत्येकाला तोच कागद द्या. मोठ्या पाटीआधी त्याच आकाराचा कापडी फलक आठवडाभर टांगून पाहा. दुपारी, संध्याकाळी आणि समोरच्या कडेने.

नमुन्याचा तुकडा हा तुमचा सगळ्यात जास्त फिरणारा फलक आहे. तो आर्किटेक्टच्या टेबलावर कित्येक महिने पडून राहतो. त्याच्या पाठीवर नाव आणि फोनखाली चार ओळी लिहा: दगडाचे प्रचलित नाव, तो कोणत्या कुळातला खडक आहे, ठळक रंग, आणि मूळ ठिकाण. युरोपातल्या ईएन १२४४० या मानकात नैसर्गिक दगडाची ओळख याच चार गोष्टींनी द्यायची असते. टॅगलाइन तिथे छापू नका, जागा या चार ओळींना लागते. स्टिकर कोरड्या, धूळ पुसलेल्या पाठीवरच लावा. करवतीचा गाळ राहिला तर स्टिकर दोन दिवसांत सुटतो आणि नमुना बेवारस होतो.

पहिले तीन महिने फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारा की नाव कुठे वाचले किंवा ऐकले, आणि उत्तर वहीत टिपा. लोक नाव चुकीचे उच्चारत असतील तर कसे, तेही लिहा. टॅगलाइनमधल्या कामाबद्दल कोणीच विचारत नसेल, तर त्याच यादीतली दुसरी गोष्ट घेऊन ओळ बदला; नावाला हात लावू नका.